बेटं कुणाची, आणि बेटावरच्या माणसांना विचारायचं कुणी?



हा धडा पुस्तकात नाही, तो नकाशातून निघाला. सातवीला नकाशावाचन चालू होतं. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाजवळ, अटलांटिक महासागरात, एका मुलाला दोन ठिपके सापडले. नाव लिहिलं होतं फॉकलंड आणि त्याखाली कंसात माल्विनास. "बाई, एकाच बेटाला दोन नावं कशी?" मी म्हटलं, दोन देश म्हणतात की ती बेटं आमची, म्हणून दोन नावं. झालं, सगळा वर्ग जागा झाला. बांधाचा वाद कुठल्या गावात नसतो? मुलांना विषय लगेच कळला.

दुसऱ्या दिवशी मी वादविवादाचा तास घेतला. वर्गाचा पट पंचवीस. दहा जणांचं ब्रिटन केलं, दहा जणांचं अर्जेंटिना. पाच मुलं उरली. त्यांना म्हटलं, तुम्ही बेटावर राहणारी माणसं, मागच्या बाकावर बसा. मग वीस मिनिटं नुसता गोंधळ. "बेट आमच्या जवळ आहे!" "पण आम्ही आधीपासून राहतोय!" शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आम्हाला कुणी काही विचारणार आहे का, की आम्ही नुसतं बसायचं?"

खरं सांगते, मनात चरकलं. ती पाच मुलं मीच मागे बसवली होती, तीही 'उरली' म्हणून. या बेटांच्या भांडणात जवळजवळ दोनशे वर्षं बऱ्याच वेळा हेच होत आलंय. त्यामुळे एका तासात संपवायचा विषय मी पुढे चार तासिका चालवला. काय शिकवलं, कसं शिकवलं आणि कुठे अडखळले, ते इथे लिहिते. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात भांडणापासून करू नका, माणसांपासून करा. ही चूक मी पहिल्या दिवशी केली होती. फॉकलंड म्हणजे दोन मोठी बेटं, पूर्व आणि पश्चिम, आणि त्यांच्या भोवती सातशेहून जास्त लहान-मोठी बेटं. सगळं मिळून क्षेत्रफळ साधारण बारा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या तिपटीहून जास्त. आणि लोकसंख्या? साडेतीन हजारांच्या आसपास. हे सांगितलं की मुलं हमखास हसतात, कारण एवढी माणसं आपल्याकडे एखाद्या मध्यम गावात असतात. त्यातली बहुतेक स्टॅन्ली या एकाच गावात राहतात, तीच राजधानी. दक्षिण अमेरिकेचा किनारा तिथून साधारण पाचशे किलोमीटर आणि ब्रिटन जवळजवळ तेरा हजार किलोमीटर. हे अंतर मुलांना पृथ्वीगोलावर दोऱ्याने मोजायला लावा. दोरा लावल्यावरच अर्जेंटिनाचं म्हणणं त्यांना डोळ्यांनी दिसतं.

तिथे वारा सतत वाहतो, झाडं फार कमी, गवताळ माळरान. डिसेंबरात उन्हाळा, जूनमध्ये हिवाळा. पूर्वी घरोघरी चुलीला पीट जाळत, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला काळा कुजका थर, विटांसारखा कापून वाळवलेला. माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त, माणशी शंभराहून अधिक. बेटांच्या राजचिन्हावरही मेंढाच आहे. स्टॅन्लीबाहेरच्या सगळ्या मुलुखाला तिथले लोक 'कॅम्प' म्हणतात. हा शब्द तंबूचा नाही, तो स्पॅनिश भाषेतल्या 'काम्पो' म्हणजे रानमाळ या शब्दावरून आला. घोड्याच्या सामानाचे तिथले कितीतरी शब्दही स्पॅनिश आहेत, कारण सुरुवातीला गुरं राखायला दक्षिण अमेरिकेतले घोडेस्वार गुराखी, म्हणजे गाउचो, तिथे होते. राणीचे फोटो घरात लावणाऱ्या इंग्रज माणसांच्या तोंडी हे शब्द अजून आहेत. भाषा कुणाच्या बाजूने साक्ष देत नाही, पण काहीच विसरतही नाही.

आपल्या शिक्षक मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट. कॅम्पमध्ये एकेका शेतावर एक-दोनच मुलं असतात, मग शाळा कुठली? तिथे फिरते शिक्षक आहेत. शिक्षक त्या घरी जाऊन राहतो, काही दिवस शिकवतो आणि पुढच्या शेतावर जातो. मधल्या काळात धडे फोनवर, पूर्वी रेडिओवर. मोठी मुलं स्टॅन्लीत येतात आणि सोळाव्या वर्षानंतर पुढचं शिकायला ब्रिटनला जातात, खर्च बेटांचं सरकार करतं. वस्तीशाळेवर काम केलेल्या आपल्या शिक्षकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आता इतिहास. इथे सनावळी पाठ करून घेऊ नका, मी स्वतः फळ्यावर फक्त एक लांब रेघ ओढली. युरोपीय लोक आले तेव्हा या बेटांवर माणसांची वस्ती नव्हती. १७६४ मध्ये फ्रेंच आले. ते सेंट-मालो बंदरातून आले म्हणून बेटांना मालुईन म्हणू लागले, त्याचंच स्पॅनिश माल्विनास झालं. दोनच वर्षांत ब्रिटिशांनी दुसऱ्या एका बेटावर तळ टाकला. फ्रेंचांनी आपली वस्ती स्पेनला देऊन टाकली. १७७४ मध्ये ब्रिटिश निघून गेले, पण जाताना 'हे आमचं' अशी शिशाची पाटी ठोकून गेले. १८११ मध्ये स्पॅनिशही गेले, तेही पाटी ठेवून. (इथे वर्गात मोठा हशा झाला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं, असं एकजण म्हणाला. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.)

१८१६ मध्ये अर्जेंटिना स्पेनपासून स्वतंत्र झाला. स्पेनचं जे होतं ते वारसाहक्काने आपलं, असं त्याचं म्हणणं. १८२० मध्ये तिथे झेंडा लावला, १८२९ मध्ये लुईस व्हर्नेट नावाच्या व्यापाऱ्याला बेटांचा प्रमुख नेमलं, त्याने वस्ती वाढवली. आणि जानेवारी १८३३ मध्ये ब्रिटिश युद्धनौका आली, अर्जेंटिनाचा झेंडा उतरवला आणि तिथल्या सैनिकांना परत पाठवलं. अर्जेंटिना म्हणते, आमच्या लोकांना हाकललं. ब्रिटन म्हणते, फक्त सैनिक गेले, साध्या लोकांना राहू दिलं. तेव्हापासून ताबा ब्रिटनचा. मधल्या काळात ब्रिटनमधून माणसं येत गेली, मेंढपाळ, खलाशी, सुतार. आज तिथल्या काही घराण्यांच्या आठ-नऊ पिढ्या झाल्या.

सार्वभौमत्व हा शब्द सातवीच्या मुलाला जड जातो. मी सातबारा वापरला. नाव कुणाचं आणि कसतंय कोण? अर्जेंटिनाचं म्हणणं, सातबारा आमच्या आजोबांच्या नावचा, तुम्ही दांडगाईने घुसलात. ब्रिटनचं म्हणणं, सातबाराच मुळात वादाचा, आणि दीडशे-दोनशे वर्षं कसतंय कोण ते बघा. मुलांना दोन्ही बाजू पटल्या, आणि पटायलाच हव्यात. शिक्षकाने पहिल्या दिवशी निकाल देऊ नये. अर्जेंटिनातल्या मुलांना शाळेत शिकवतात की माल्विनास आमची आहेत, २०१४ पासून तर सार्वजनिक वाहनांवर तसं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. ती मुलं खोटारडी नाहीत. त्यांना १८३३ ची जखम खरोखर वाटते.

इथपर्यंतचा भाग कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो पुढचा, दोन शब्दांचा भाग. आणि तो भूगोलाचा नाही, भाषेचा आहे.

१६ डिसेंबर १९६५ या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव क्रमांक २०६५ मंजूर केला. बाजूने ९४ मतं, विरोधात एकही नाही, १४ देश तटस्थ. ठरावात म्हटलं की दोन्ही देशांनी बोलणी करून वाद मिटवावा आणि तसं करताना बेटांवरच्या लोकांचं हित लक्षात घ्यावं. हित. इच्छा हा शब्द तिथे नाही. अर्जेंटिना आजही या शब्दावर बोट ठेवते. हित सांभाळू, त्यांची राहणी, भाषा, घरंदारं, सगळं जपू, त्यांच्या राज्यघटनेतही बेटवासीयांच्या जीवनपद्धतीचा मान राखण्याचं कलम आहे. पण त्यांची इच्छा हा या वादाचा निकाल असू शकत नाही, असं त्यांचं मत. कारण जो घुसला त्यानेच आपली माणसं आणून वसवली आणि आता तीच माणसं मत देतात, मग निकाल काय लागणार? हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. मुलांपुढे तो पूर्ण ताकदीने मांडा.

दुसऱ्या बाजूला बेटवासी म्हणतात, आमचं हित कशात आहे ते आम्हाला न विचारता ठरवणार कोण?

मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, हित आणि इच्छा. विचारलं, फरक सांगा. पहिलं उत्तर आलं, "बाई, हित म्हणजे कारल्याची भाजी आणि इच्छा म्हणजे वडापाव." हसू आलं, पण उत्तर बरोबरच आहे. मग मी विचारलं, कारलं तुझ्या हिताचं हे कोण ठरवतं? आई. आईला तुझी काळजी आहे म्हणून तिचं ऐकायचं. पण ठरवणारी आई नसून शेजारचे दोन भांडणारे काका असतील तर? वर्ग एकदम गप्प झाला.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मुलांच्या डोक्यात ब्रिटन म्हणजे बेटवासीयांचा कैवारी असं चित्र बसतं. १९८२ पूर्वी तसं नव्हतं. लंडनच्या सरकारांना ही बेटं म्हणजे लांबची, खर्चाची कटकट वाटत होती. १९६८ मध्ये अर्जेंटिनाशी गुपचूप बोलणी चालली होती. बेटवासीयांना कुणकुण लागली तेव्हा त्यांनी थेट ब्रिटिश खासदारांना पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं आणि मगच सरकारला म्हणावं लागलं की तुमच्या इच्छेविरुद्ध काही करणार नाही. १९७१ मध्ये करार झाला. विमानसेवा अर्जेंटिनाची, पुढे इंधनही त्यांचंच, स्टॅन्लीत स्पॅनिश शिकवायला त्यांच्या शिक्षिका आल्या. हळूहळू ओळख वाढेल, मग मन वळेल, असा हिशोब. वाईट हिशोब नव्हता. तो तसाच चालू राहिला असता तर आज काय असतं, हा विचार माझ्या मनात येतो.

१९८० मध्ये ब्रिटनचे मंत्री निकोलस रिडली बेटांवर गेले आणि एक तोडगा मांडला. मालकी अर्जेंटिनाला द्यायची आणि बेटं ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनने पुन्हा चालवायला घ्यायची. म्हणजे सातबारा त्यांचा, वहिवाट आमची. बेटवासीयांनी तो धुडकावला, ब्रिटिश संसदेतही रिडलींवर सगळ्या बाजूंनी टीका झाली. पण लगेच पुढच्याच वर्षी नागरिकत्वाचा नवा कायदा झाला आणि बऱ्याच बेटवासीयांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वच गेलं. ज्यांच्या इच्छेला मान द्यायचा त्यांना आपले नागरिकही म्हणायचं नाही! ते नागरिकत्व परत मिळालं १९८३ मध्ये, युद्ध होऊन गेल्यावर.

युद्धाचं फार रंगवून सांगू नका, मुलगे लगेच विमानं आणि क्षेपणास्त्रांत शिरतात. तेव्हा अर्जेंटिनात लष्करशहांचं राज्य होतं. स्वतःच्याच हजारो माणसांना त्यांनी गायब केलं होतं, महागाईने लोक चिडलेले होते, आणि लोकांचं लक्ष वळवायला माल्विनाससारखा दुसरा विषय नव्हता. २ एप्रिल १९८२ रोजी सैन्य उतरलं. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने आरमार पाठवलं. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली. ७४ दिवस. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जण गेले. त्यातले ३२३ एका 'जनरल बेल्ग्रानो' या जहाजाबरोबर बुडाले. अर्जेंटिनाचे कितीतरी सैनिक अठरा-एकोणीस वर्षांचे, सक्तीच्या भरतीतले, उष्ण प्रांतांतून आलेले, त्या थंडीत पुरेसे कपडे नाहीत, पोटाला धड अन्न नाही. आपल्या बारावीच्या मुलांचं वय.

आणि बेटवासी? सैन्य आल्याबरोबर स्टॅन्लीचं नाव बदललं, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचा हुकूम निघाला. गूज ग्रीन नावाच्या वस्तीतल्या शंभरहून जास्त माणसांना, त्यात म्हातारी आणि तान्ही मुलंही, जवळजवळ महिनाभर गावच्या सभागृहात कोंडून ठेवलं. तीन बेटवासी स्त्रिया युद्धात मेल्या, त्याही ब्रिटिश जहाजाने डागलेल्या तोफगोळ्याने, घरात असताना. म्हणजे ज्यांना सोडवायला आले त्यांच्याच हातून. हे वाक्य मी वर्गात दोनदा सांगितलं. पेरलेले सुरुंग पूर्णपणे काढायला २०२० साल उजाडलं, तोवर समुद्रकिनाऱ्यांच्या काही भागांना तारेचं कुंपण होतं.

युद्धाने वाद मिटला नाही, पण बेटं बदलली. मासेमारीचे, मुख्यतः माकूळ पकडायचे, परवाने विकून पैसा आला. (माकूळ म्हणजे काय ते कोकणातल्या मुलांना सांगायला नको.) स्वतःची निवडून आलेली सभा आहे, आठ सदस्यांची. सेंट हेलेना, चिली, फिलिपिन्स अशा ठिकाणांहून आलेली माणसंही आता तिथे राहतात.

मग १० आणि ११ मार्च २०१३ रोजी सार्वमत झालं. प्रश्न एकच, ब्रिटनचा सागरापारचा प्रदेश म्हणून आहोत तसंच राहायचं का? मतदान ९२ टक्के. 'हो' १,५१३ आणि 'नाही' ३. हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलं ओरडली, "बाई, संपलं की मग!" नाही संपलं. अर्जेंटिनाने लगेच सांगितलं की या मताला आम्ही मानत नाही, कारण वाद दोन देशांतला आहे, तिसरा पक्ष इथे नाहीच. वर्गात मी पाच मुलं मागे बसवली होती ना, तसंच.

इथे मला माझं मत सांगावंसं वाटतं, पटलं नाही तर सोडून द्या. १८३३ मध्ये काय झालं त्याबाबत अर्जेंटिनाची तक्रार मला खोटी वाटत नाही. पण ज्यांच्या आजोबांचे आजोबा तिथल्या मातीत पुरलेत, त्यांना 'तुम्ही पक्ष नाही' म्हणणं मला जमत नाही. जुना अन्याय दुरुस्त करायचा तर तो आज तिथे राहणाऱ्या माणसाला बाजूला सरकवून करता येतो का? मला तरी वाटतं, नाही.

आणि इथेच पाठ थांबवला असता तर तो ब्रिटनच्या बाजूचा पाठ झाला असता. म्हणून चौथी तासिका वेगळी ठेवली होती. वर ठराव २०६५ सांगितला. त्याच दिवशी, १६ डिसेंबर १९६५ लाच, आमसभेने त्याच्या पुढचा ठराव मंजूर केला, क्रमांक २०६६. तो मॉरिशसबद्दल होता. मॉरिशस मुलांना ऐकून माहीत असतं, तिथे दीडशे वर्षांपूर्वी ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची वस्ती आहे. तेव्हा मॉरिशस ब्रिटनच्या ताब्यात होतं आणि स्वतंत्र होणार होतं. ठरावात ब्रिटनला बजावलं होतं की मॉरिशसचा तुकडा पाडू नका. तुकडा महिनाभर आधीच पाडून झाला होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून ब्रिटनने आपल्याकडे ठेवली, कारण तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. नकाशावर दाखवा, मालदीवच्या दक्षिणेला, आपल्याच हिंदी महासागरात.

चागोसवरही माणसं होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नारळाच्या बागांवर आणलेल्या गुलामांची, आणि नंतर आलेल्या मजुरांची मुलं-नातवंडं. त्यांची भाषा वेगळी, चर्च, दफनभूमी, सगळं तिथेच. दीड ते दोन हजार माणसं. फॉकलंडमध्ये १९८२ साली किती होती? सुमारे १,८००. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि काही बोलू नका.

चागोसच्या माणसांना १९६८ ते १९७३ या काळात बेटांवरून हलवलं. जे औषधोपचाराला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेले होते त्यांना परतीची बोट मिळाली नाही. बाकीच्यांना जहाजात बसवून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं, थोडंसं सामान सोबत. ब्रिटनने जगाला सांगितलं की तिथे कायमची वस्ती नाहीच, सगळे कंत्राटी कामगार. एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या टिपणात या लोकांना टारझन आणि मॅन फ्रायडे म्हणून हिणवलेलं आहे. दिएगो गार्सियावरची कुत्री आधी मारली. खोबरं वाळवायच्या खोलीत कोंडून, गाड्यांचा धूर सोडून. हे मी सातवीला सांगितलं, पण लहान वर्गांना सांगू नका. माझ्याकडून वर्गात सांगताना आवाज नीट निघाला नाही.

म्हणजे १९८२ मध्ये जे सरकार जगाला सांगत होतं की १,८०० माणसांच्या इच्छेसाठी आम्ही तेरा हजार किलोमीटरवर लढू, त्याच देशाने दहा वर्षांपूर्वी तेवढ्याच माणसांना इच्छा असते हेही मानलं नव्हतं. एका मुलाने विचारलं, "ते काळे होते म्हणून का बाई?" मी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हटलं, तेही एक कारण असणार. आणि तळासाठी बेट रिकामं हवं होतं हे दुसरं.

चागोसवासी लंडनच्या कोर्टात लढले, २००० मध्ये जिंकले, २००४ मध्ये सरकारने हुकूम काढून परतीची वाट पुन्हा बंद केली, २००८ मध्ये वरच्या न्यायपीठात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिलं की बेटं तोडणं बेकायदा होतं, ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर सोडावा. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षं भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. रिडलींचा भाडेपट्टा आठवतो ना? फॉकलंडवाल्यांनी नाही म्हटलं तेव्हा तो मागे पडला. चागोसवाल्यांचं मात्र यावर मतदानच झालं नाही. काहींना करार हवा होता, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनेकांनी निदर्शनं केली की दोन सरकारांनी आमच्याबद्दल आम्हाला वगळून ठरवलं. नवऱ्या मुलीला न विचारता दोन्हीकडच्या मंडळींनी सुपारी फोडली, अशी गत.

घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. वादविवाद घ्यायचाच असेल तर बेटवासीयांचा गट आधी बनवा, पुढे बसवा आणि पहिलं बोलणं त्यांचं ठेवा. मी पाचव्या दिवशी तसं पुन्हा घेतलं. ब्रिटन आणि अर्जेंटिना दोन्ही गटांचा आवाज आपोआप खाली आला. दुसरं, मुलांना गटांची अदलाबदल करायला लावा. अर्जेंटिनाच्या बाजूने जोरात बोललेल्या मुलाला ब्रिटनकडून बोलायला उभं केलं की तो आधी चिडतो, मग विचार करू लागतो.

गृहपाठ दिला होता. वहीत दोन रकाने, 'माझं हित' आणि 'माझी इच्छा', घरातला कोणताही एक निर्णय घेऊन. बऱ्याच जणांनी मोबाइल आणि ट्यूशन लिहिलं. एका मुलीने लिहिलं की आठवीला मला मामाकडे ठेवणार आहेत. हिताच्या रकान्यात चांगली शाळा, बस, मामीचं प्रेम असं सगळं नीट भरलं होतं. इच्छेच्या रकान्यात फक्त 'विचारलं नाही' एवढंच.

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. वही त्यांनी पाहिली होती. थोडे रागावलेले होते. "बाई, पोरीच्या भल्याचंच करतोय ना आम्ही?" मी म्हटलं, हो दादा, भल्याचंच आहे, तिनेही तसंच लिहिलंय. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बघतो.

आणि वर्गातली मुलं अजून एका प्रश्नावर अडली आहेत, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मधल्या सुट्टीतसुद्धा येऊन विचारतात. "बाई, ती 'नाही' म्हणणारी तीन माणसं कोण असतील हो? आणि त्यांचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, मतदान गुप्त असतं, कोण ते कुणालाच कळत नाही. त्यावर एकजण म्हणाला, मग बरं आहे.